चातुर्मासाचा नेम, आजच्या घरासाठी: घर, फोन आणि दिवस हलका करण्याचा चार महिन्यांचा क्रम

माझी आजी आषाढी एकादशीला देवापुढे उभी राहून एक नेम घ्यायची. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी चहातली साखर, एका वर्षी दुपारची झोप. कार्तिकीपर्यंत नेम चालायचा, मग उद्यापन व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी ती वांग्याचं भरीत आवडीने खायची. एकच गोष्ट, चार महिने, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून. तिच्या नेमातलं शहाणपण मला फार उशिरा कळलं.

'आता साधं राहायचं' हे मीही वर्षानुवर्षं ठरवत आले. रविवारी कपाट उपसायचं, दोन पिशव्या बाहेर काढायच्या, मोकळा कप्पा बघून बरं वाटायचं, आणि दोन महिन्यांत तोच कप्पा पुन्हा गच्च. आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. माणसं चार: मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. दोघांच्या नोकऱ्या मुंबईत, लोकलने येऊन-जाऊन तीन तास. घरात वस्तू वाढत होत्या, हातात फोन वाढत होता, आणि चौघांनी एका वेळी जेवायला बसणं कमी होत चाललं होतं. शेवटी २०२३ च्या आषाढीला आजीची पद्धत उचलली. त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणून पहिलाच नेम पाच महिन्यांचा झाला. त्यानंतर आणखी दोन चातुर्मास झाले. पुढचा क्रम त्यातून घडलेला आहे.

सगळ्यात मोठी चूक मी क्रमाची करत होते. आपण वस्तू काढण्यापासून सुरुवात करतो. खरं तर आधी वस्तूंचं येणं थांबवायला हवं. येणं चालूच असेल तर कितीही काढा, घर तितकंच भरलेलं राहतं. म्हणून या क्रमात पहिले अडीच-तीन महिने घरातलं काहीही बाहेर काढायचं नाही. माळ्याला हात लागतो तो थेट आश्विनात.

चातुर्मास निघून गेला असेल तर पुढच्या कोणत्याही एकादशीपासून चार महिने मोजा. फक्त क्रम बदलू नका.

आधी एक वाक्य लिहा

नेम कशासाठी, हे एका वाक्यात लिहून स्वयंपाकघरात लावा. 'साधं जगणं' हे वाक्य चालणार नाही, कारण ते झालं की नाही हे संध्याकाळी कळत नाही. आमचं वाक्य होतं: 'रात्रीचं जेवण चौघांनी एकत्र, साडेआठला, आणि मुलाला अभ्यासाला स्वतःचं टेबल.' टेबलासाठी खिडकीजवळची चार फूट जागा लागणार होती आणि तिथे तेव्हा शिलाई मशीन, इस्त्रीचे कपडे आणि रद्दी होती. जेवणासाठी रोजचा अर्धा तास लागणार होता, तो फोनमध्ये होता. वाक्य नेमकं असलं की काय कमी करायचं ते आपोआप समोर येतं. तुमच्या घरात ते 'रोज आईबरोबर वीस मिनिटं चालायला जाणं' असेल, नाही तर 'पेटी पुन्हा वाजवायला घेणं' असेल. घरातल्या मोठ्या माणसांना आणि मुलांना विचारून ठरवा. एकट्याने ठरवलेला नेम बाकीच्यांना शिक्षा वाटतो.

आषाढ: फक्त लिहायचं

एकादशीपासून दिव्यांच्या अवसेपर्यंत साधारण एकोणीस-वीस दिवस मिळतात. या दिवसांत काही बदलायचं नाही. दाराजवळ एक शंभर पानी वही आणि पेन दोऱ्याने बांधून ठेवा. किराणा, दूध, भाजी आणि औषधं सोडून जी वस्तू उंबरठ्याच्या आत येईल ती लिहायची: काय, कुणी आणली, का आणली. फुकट आलेलीही लिहायची, किंबहुना तीच आधी.

आमच्याकडे पहिल्या वर्षी या दिवसांत ७४ नोंदी झाल्या. त्यात बाहेरून मागवलेल्या जेवणाबरोबर आलेले काळे प्लॅस्टिकचे डबे १४, 'राहू दे, लागतील' म्हणून ठेवलेल्या पिशव्या ११. ऑफिसातून मिळालेली बाटली आणि टोपी. स्वस्त आहेत म्हणून घेतलेले दोन कुर्ते, फोनचं कव्हर, एकावर एक फुकट आलेला शाम्पू, मुलाला वाढदिवसाच्या पार्टीत मिळालेली पिशवीभर खेळणी. ठरवून, गरज म्हणून आणलेल्या वस्तू १९ निघाल्या. हा आकडा जेवताना मोठ्याने वाचला तेव्हा कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने जेवण मागवताना स्वतःहून 'चमचे नकोत' ही खूण केली.

याच दिवसांत पैशांचीही एक नोंद करा. बँकेचं किंवा यूपीआयचं मागच्या महिन्याचं स्टेटमेंट कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे, ती वस्तू आत्ता आठवते का, एवढंच लिहा. आठवत नसेल तर फुली. दहा-वीस रुपयांपासून पाचशेपर्यंतच्या फुल्यांची बेरीज बघून पुढचं बरंच काही आपोआप ठरतं.

मग यूपीआय ॲपमधला ऑटोपे किंवा मँडेटचा भाग उघडा. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमा तिथे दिसतात आणि तिथूनच रद्दही करता येतात. कार्डावरच्या रकमा बँकेच्या ॲपमध्ये सापडतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी. ती येतेही, पण शंभर मेसेजांत आपण वाचत नाही. माझ्या खात्यातून एका ॲपचे महिना १४९ रुपये चौदा महिने जात होते. ॲप मी केव्हाच फोनवरून काढलं होतं आणि काढलं म्हणजे संपलं अशी माझी समजूत होती. तसं नसतं. ॲप काढलं तरी मँडेट चालू राहतं, ते वेगळं बंद करावं लागतं.

श्रावण: फोनला घरात एक जागा

सेवाग्रामच्या आश्रमात व्हाइसरॉयशी बोलणं व्हावं म्हणून टेलिफोन बसवला होता. तो एका खोलीत होता. बोलायचं तर माणूस फोनपाशी जाई. आपल्या लहानपणीही फोन बैठकीतल्या तिपाईवर असे, त्यावर क्रोशाचं कापड. आता फोन अंथरुणात, जेवणाच्या ताटाशेजारी आणि देवघरातही असतो. फोन सोडा असं मी म्हणणार नाही. ऑफिस, शाळा, बँक सगळं त्यात आहे. पण त्याला पुन्हा एक तिपाई देता येते. श्रावणात दर सोमवारी एक काम, असं आम्ही केलं.

पहिल्या सोमवारी सूचना. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्या ॲपच्या सूचना बंद करा आणि मग तीनच चालू करा: फोन कॉल, माणसांकडून येणारे मेसेज, बँक. खरेदी, बातम्या, खेळ, व्हिडिओ यातलं काहीही आपल्याला हाक मारणार नाही, आपल्याला हवं तेव्हा आपण उघडू.

दुसऱ्या सोमवारी व्हॉट्सॲप. माझे ग्रुप ३७ होते. सोसायटी, शाळा, ऑफिस आणि घरचा असे चार ठेवले, बाकीचे कायमचे म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकले. बाहेर पडायला संकोच वाटतो तिथे आर्काइव्ह हा सभ्य मार्ग आहे, कुणाला कळत नाही आणि कुणी दुखावत नाही. प्रायव्हसीत ग्रुप्समध्ये जाऊन आपल्याला ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं ते 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा. स्टोरेजमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. सुप्रभाताच्या फुलांनी फोन भरायचा तो इथे थांबतो.

तिसऱ्या सोमवारी खरेदी. खरेदीची आणि दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप काढून टाका, साठवलेलं कार्ड पुसा. घ्यायचंच असेल तर ब्राउझरमधून लॉगिन करून, कार्डाचा नंबर हाताने भरून घ्या. बंदी कशावरच नाही, पण त्या दोन मिनिटांत मन पुष्कळदा बदलतं. जाहिरातीच्या फोन-मेसेजांसाठी १९०९ वर इंग्रजीत 'स्टार्ट', एक जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवा. काही दिवसांनी फरक पडतो. ओटीपी आणि बँकेचे मेसेज येतच राहतात.

चौथा सोमवार अवघड. फोन रात्री कुठे झोपणार ते ठरवायचं. आमच्याकडे स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला, कप-बशांच्या फळीखाली प्लग आहे. तिथे एक जुनी स्टीलची परात ठेवली. रात्री साडेआठला जेवायला बसताना तिन्ही फोन परातीत आणि सकाळी चहा झाल्यावर बाहेर. पहिल्या आठवड्यात परातीत फोन थरथरला की तिघांच्याही माना तिकडे वळायच्या. सासूबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "देवळात चपला बाहेर ठेवल्यासारखं करताय. तिथंही लक्ष चपलांकडंच असतं, पण होतं कमी हळूहळू." खरंच कमी झालं, गौरी-गणपतीपर्यंत.

यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, गजराचं साधं घड्याळ, कारण 'गजरासाठी' म्हणून फोन उशाशी येतो आणि तिथेच राहतो. दुसरी, गावाकडच्या आई-वडिलांची काळजी. 'डू नॉट डिस्टर्ब' लावताना जवळच्या नंबरांना सूट देता येते आणि लागोपाठ दुसऱ्यांदा केलेला फोन वाजू द्यायची सोयही त्यातच असते. माझ्या आईला सांगून ठेवलंय: रात्री फोन नाही उचलला तर लगेच पुन्हा कर. ही सोय लावल्याशिवाय चौथा सोमवार करू नका.

भाद्रपद: पितृपंधरवड्यात खरेदी बंद

गणपतीत काहीही नवं ठरवू नका. घर पाहुण्यांचं असतं, तसंच असू द्यावं. पण त्यानंतर आपल्या पंचांगात एक तयार सोय आहे. पितृपंधरवड्यात नवीन वस्तू घ्यायची नाही हा रिवाज घरोघरी पाळला जातो. त्यामागची श्रद्धा तुमची असो वा नसो, पंधरा दिवस खरेदी थांबवायला घरातल्या कुणाची समजूत काढावी लागत नाही.

या पंधरवड्यात जे घ्यावंसं वाटेल ते फ्रीजवरच्या कागदावर लिहा, पुढे तारीख आणि कुणाला हवं त्याचं नाव. किराणा, औषध, शाळेचं अडलेलं सामान आणि दुरुस्ती याला सूट. सर्वपित्री अमावस्या झाली की लगेच नवरात्र, आणि सणाच्या सवलतींचा मारा त्याच सुमाराला असतो. म्हणून कागद काढून टाकू नका. प्रत्येक वस्तूला लिहिल्या तारखेपासून तीस दिवस होईपर्यंत थांबा. बहुतेकांचे तीस दिवस दिवाळीच्या तोंडावर पुरे होतात. आमच्या पहिल्या कागदावर अकरा वस्तू होत्या, घेतल्या तीन: मुलाचे बूट, सासूबाईंची गुडघ्याची पट्टी आणि मिक्सरचं भांडं. एअर फ्रायरवर तर लिहिणाऱ्यानेच, म्हणजे मीच, रेघ मारली. आमच्या ओट्यावर त्याला जागाच नव्हती, हे हवंसं वाटताना दिसलं नव्हतं.

आश्विन: आता माळा

येणं कमी झालं, आता काढायचं. दिवाळीची साफसफाई तशीही व्हायचीच असते, तिलाच थोडं आधी, नवरात्रात सुरू करा. एका दिवशी एकच कप्पा आणि चाळीस मिनिटं. घड्याळ लावा आणि संपलं की थांबा. अख्खा माळा एका रविवारी उतरवणाऱ्यांच्या घरी रात्री सगळं तसंच परत वर जातं, कारण अंगात निवड करायची ताकदच उरलेली नसते.

रिकामे डबे, खोके, 'ऑर्गनायझर' आधी आणू नका. घरातली अडगळ नीट रचून ठेवणं हे काम नव्हे.

कुठून सुरू करायचं, याला फार महत्त्व आहे. ज्यात जीव गुंतलेला नाही तिथून.

औषधं: मुदत संपलेली वेगळी करा. मोरीत किंवा संडासात ओतू नका, ओल्या कचऱ्यातही नाही. जुनी औषधं, बॅटऱ्या, सीएफएल दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर हा घरगुती घातक कचरा आहे. तो वेगळ्या पिशवीत बांधून, वर लिहून महापालिकेच्या गाडीवर द्या.

कागद: खरेदीखत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्माचे आणि शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, विम्याच्या पॉलिसी, इन्कम टॅक्सचे कागद हे एका फायलीत, आणि फाइल कुठे आहे हे घरातल्या दोघांना माहीत. वाहन परवाना, आधार, अनेक बोर्डांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात, त्यांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जपू नका. आधारच्या झेरॉक्स फाडूनच रद्दीत टाका. भंगारात गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आमच्याकडे दोन मिक्सर होईपर्यंत जपलेलं होतं.

कपडे: दिवाळी ते दिवाळी हिशेब धरा. गेल्या दिवाळीपासून अंगाला लागलं नाही ते बाजूला. मऊ झालेल्या सुती साड्या गोधडीला ठेवा, गोधडी शिवणारी बाई मिळत असेल तरच. जुने कपडे देताना बोहारीण भांडं देते, म्हणजे एक गठ्ठा गेला आणि एक पातेलं आलं. तिच्या पोटाचा उद्योग आहे, तो चालावा असंच मला वाटतं. पण घेणार असाल तर तुमच्या यादीत आहे तेवढंच भांडं मागा. नको असेल तर कपडे तिला तसेच द्या.

भांडी: इथे घाई करू नका. मला अजून चुटपुट आहे ती याच कप्प्याची. माळ्यावर एक मोठं पितळी पातेलं होतं, तळाशी काळं, आत कल्हई गेलेली, कडेला एक पोचा. दहा वर्षांत खाली आलं नव्हतं. मी ते भंगाराच्या ढिगात ठेवलं. सासूबाई ढिगापाशी आल्या, पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं, आत कोरलेलं नाव शोधलं आणि काही न बोलता आत गेल्या. रात्री मी विचारलं, "आई, त्या पातेल्याचं काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं. तुझ्या लग्नाचा चिवडा त्यात केला होता. माझ्या आईचं नाव आहे त्यावर." मी नाव वाचलंच नव्हतं.

पातेलं ठेवलं. पण पुन्हा माळ्यावर टाकलं असतं तर त्याचा काहीच अर्थ नव्हता. कल्हईवाला शोधायला तीन आठवडे गेले. एका सकाळी तो सोसायटीच्या फाटकाशी भाता घेऊन बसला. पातेलं निखाऱ्यावर तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सर्र्‌कन फिरवली. काळं भांडं आतून आरशासारखं झालं. मुलगा शाळेची बस सोडून बघत उभा होता. कल्हई नसेल तर पितळेत आंबट पदार्थ करू नयेत, कळकतात. आता त्या पातेल्यात दर दिवाळीला चिवडा होतो. त्याच्या जागी ॲल्युमिनियमची तीन पातेली गेली, त्यांचं कुणाला काहीच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. दुसऱ्याच्या वस्तूला त्याच्याशिवाय हात लावायचा नाही, मग ती नवऱ्याची वायरींची पेटी का असेना. आणि आठवण म्हणून ठेवलेली वस्तू एक तर वापरात आणायची, नाही तर डोळ्यांपुढे ठेवायची. फोटो, पत्रं, बाळाचे कपडे सगळ्यात शेवटी घ्या, एका दुपारी, चहा करून, सगळ्यांनी मिळून. इथे घड्याळ लावू नका.

काढलेल्या वस्तू जातात कुठे

बाजूला काढलेली पिशवी दारामागे महिनाभर राहिली तर ती परत आत येते. म्हणून काढायच्या आधीच कुठे द्यायची ते ठरवा. रद्दी आणि धातू भंगारवाल्याकडे. धुतलेले, न फाटलेले कपडे 'गूंज'सारख्या संस्था घेतात; 'गूंज' १९९९ पासून हे काम करते आहे. फाटके, डाग पडलेले कपडे दान म्हणून देऊ नका, त्यांची पुसणी करा. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे, तिच्या सभासद घरोघरी येतात. मोठ्या वस्तू, गाद्या यांसाठी त्यांनाच विचारा. बंद मोबाइल, चार्जर, जुना लॅपटॉप साध्या भंगारात देऊ नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार या वस्तूंच्या रीसायकलिंगची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून अधिकृत संकलकाकडे किंवा कंपनीच्या केंद्रावर द्या. देण्याआधी फोन फॅक्टरी रीसेट करा आणि सिम, मेमरी कार्ड काढलं का ते दोनदा बघा.

दिवाळी: देण्या-घेण्याचं आधी बोलून ठेवा

वस्तूंचं सगळ्यात अवघड दार नात्यांचं असतं. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायची पद्धत आपल्याकडे आहेच, ती घरातही आणता येते. वसुबारसेच्या दोन आठवडे आधी घरच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: 'यंदा आमच्याकडे येताना भेटवस्तू आणू नका. फराळाचा एखादा पदार्थ आणा, आणि दोन तास जास्त बसा.' मोठ्या नणंदेला मात्र फोन करून सांगितलं. वडीलधाऱ्यांना मेसेजवर 'नको' म्हणू नये. भाऊबीजेची ओवाळणी आम्ही बदलली नाही. तिला हात लावायचं कारणच नव्हतं.

आपण देताना संपणारी वस्तू द्या. संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकच्या वाट्यांऐवजी मी इंद्रायणी तांदळाची पुरचुंडी देते, एका वर्षी मेथी-कोथिंबिरीचं बी दिलं. चार घरांत मिळून चार वेगवेगळे दिवाळी अंक घेतले आणि दर पंधरा दिवसांनी फिरवले, हे तर इतकं चाललं की आता पाचवं घर विचारतंय.

कार्तिक: आठवड्याला वार ठरवणं

भाऊबीज ते कार्तिकी एकादशी आठ-नऊ दिवस मिळतात. ते वेळेसाठी ठेवा. आठवड्याचा कागद काढून रोज काय शिजणार ते एकदाच ठरवा. आमच्याकडे सोमवारी मुगाची खिचडी-कढी, गुरुवारी पिठलं-भाकरी, शुक्रवारी इडली. बाकीच्या दिवशी पोळी-भाजी, वरण-भात. लोकलमध्ये उभं राहून 'आज काय करू' हा विचार करण्यात रोज किती जीव जात होता ते तो थांबल्यावर कळलं. महिन्यात बाहेरचे दोन समारंभ, त्याहून जास्त आले तर नवरा-बायकोंपैकी एकाने जायचं. रविवारी दुपारी एकपर्यंत काहीही ठरवायचं नाही.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. साधेपणाच्या नावाखाली 'सगळं घरचंच' सुरू होतं: घरचं लोणी, घरचे मसाले, घरचं उटणं, कापडी पिशव्या शिवणं. ऐकायला छान वाटतं, आणि सगळं काम घरातल्या बाईच्या गळ्यात पडतं. नेमामुळे घरात कुणाचं तरी काम वाढत असेल तर तो नेम मोडा. आम्ही मसाला बाहेरून घेतो आणि भाकरी कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणतो. खिचडीचा सोमवार नवऱ्याचा आहे, कुकर लावण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. आणि खर्च कमी करायचा म्हणून धुण्याभांड्यांच्या मावशींचं काम बंद करू नका. त्यांचं घर त्या पगारावर चालतं. आरोग्यविमा, दातांच्या डॉक्टरची फी, मुलाची सहल यांतूनही काही कापू नका.

नेम मधेच मोडेल. माझा पहिल्या वर्षी पितृपंधरवड्यातच मोडला, ऑफिसातल्या दगदगीत रात्री एका पंख्याची ऑर्डर दिली. वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं आणि पुढचा दिवस मोजायला घेतला. आजी चुकून वांगं खाल्लं तर एवढंच म्हणायची, उद्यापासून.

उद्यापन

कार्तिकी एकादशीला चौघांनी बसून वही उघडायची. आषाढातल्या नोंदी आणि गेल्या वीस दिवसांतल्या नोंदी शेजारी ठेवायच्या. पहिल्या वर्षी आमच्या ७४ च्या शेजारी ३१ होत्या, दिवाळी धरून. मग प्रत्येकाने सांगायचं: कोणता नेम सोडायचा, कोणता ठेवायचा. मुलाने ग्रुपांवरचा सोडला, त्याचे मित्र तिथेच असतात, ते त्याचं बरोबर होतं. परात राहिली. तीस दिवसांचा कागद राहिला. रविवारची दुपार दोनदा मोडली, पण राहिली. खिडकीपाशी टेबल आलं, जुनंच, नणंदेकडचं.

यंदाच्या उद्यापनाला सासूबाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या आषाढीसाठी स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून ठेवली आहे: 'संध्याकाळी सातची मालिका बंद. त्या वेळी खाली बाकावर जाऊन बसायचं.' कुणी सुचवलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या दोघीजणींना त्यांनी आधीच विचारूनही ठेवलंय.